आजोळच्या डब्यात जुन्या काचेच्या गोट्या सापडल्या आहेत. त्यात बंद पडलेल्या कारखान्यांच्या दुर्मिळ गोट्या असतील तर कशा ओळखायच्या?

तुमच्या प्रश्नात लिहिलंय ते थोडक्यात असं: देवगडकडचं आजोळचं घर, माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात दोन-तीन पिढ्यांच्या गोट्या. त्यातली एक ठिपक्याठिपक्यांची गोटी (तिचा फोटोही तुम्ही टाकलाय) बघून मामेभावाने ‘ही अमेरिकेच्या क्रिस्टेन्सन अ‍ॅगेटची गिनी आहे, विकून टाकू’ असा निकाल दिलाय. क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट म्हणजे गोट्या बनवणारी एक बंद पडलेली कंपनी आणि गिनी ही तिची ठिपक्यांची नामांकित गोटी. मामेभावाला जरा धीर धरायला सांगा. आणि तोवर घरातलं कुणी त्या गोट्या राखेने घासून लख्ख करणार नाही एवढं बघा.

गोटीवर बनवणाऱ्याचं नाव नसतं. म्हणून ‘कुणाची?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी बघायचं ती कशी बनली. गरम काच कुठे कापली गेली, कशी वळली, याच्या खुणा गोटीच्या अंगावर कायम राहतात. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. लाल-पांढरी गोटी काय, सगळ्यांनीच काढली.

सकाळच्या उजेडात पडवीत बसा, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गोटी दोन बोटांत धरून सावकाश फिरवा. समोरासमोर दोन टोकं सापडतात का? आतल्या रंगीत दोऱ्या त्या टोकांशी एकत्र येतात का? तिथे खरबरीत किंवा घासून सपाट केलेला ठिपका आहे का? असेल तर गोटी हाताने बनवलेली आहे. जर्मनीत थुरिंगिया भागात लाउशा नावाचं काचकारागिरांचं गाव आहे. तिथे १८४० च्या दशकात एलियास ग्रायनर यांनी गोट्या कापायची खास कात्री काढली. रंगीत दोऱ्या भरलेली काचेची कांडी तापवून पिळायची, कात्रीच्या वाटीत एकेक गोटी वळवून तोडायची. तोडल्याची ती खूण म्हणजेच ही टोकं. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बाहेर जायचा थांबला आणि मैदान अमेरिकन यंत्रांना मोकळं मिळालं.

अशी खरबरीत किंवा घासलेली तोडखूण नसेल तर यंत्राची गोटी. इथून खरी मजा सुरू होते.

ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात मार्टिन क्रिस्टेन्सन यांनी काचेचे गोळे वळवायचं यंत्र काढलं. त्याचं पेटंट १९०५ चं. त्यांचा कारखाना ‘एम. एफ. क्रिस्टेन्सन अँड सन’ १९१७ मध्ये बंद पडला, कारण युद्धकाळात भट्टीला लागणारा गॅस मिळेना. त्यांचं यंत्र अर्धवटच यंत्र होतं. वितळलेली काच माणूस सळईवर उचलायचा, तिची धार सोडायचा, कात्रीने तुकडा पाडायचा, आणि मग खाचा असलेली फिरती चाकं तो गोल करायची. त्यामुळे चांगल्या नमुन्यात एका टोकाला पांढऱ्या रंगाचं इंग्रजी नऊच्या आकड्यासारखं वळण दिसतं आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची छोटी रेघ. पारदर्शक निळ्या, हिरव्या किंवा तपकिरी काचेत पांढरे लोट आणि ते नऊचं वळण असं दोन्ही दिसलं, तर ती गोटी बाजूला काढून ठेवा.

अ‍ॅक्रो अ‍ॅगेट या कंपनीच्या गोट्या ओळखायला सगळ्यात सोप्या. रंगाची पट्टी स्क्रूच्या आट्यांसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत जाते. पण ही कंपनी १९५१ पर्यंत चालली आणि तिने अफाट माल काढला, तेव्हा दुर्मिळ म्हणण्यात अर्थ नाही.

मामेभावाची क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट ही वेगळीच कंपनी. मार्टिन क्रिस्टेन्सन यांच्या कारखान्याशी तिचं नावापलीकडे काही नातं नाही. १९२५ मध्ये ती ओहायोत सुरू झाली, १९२७ मध्ये ओहायोतल्याच केंब्रिज या गावी हलली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, मंदीच्या काळात संपली. जेमतेम आठेक वर्षांचा संसार. पण रंग असे भडक आणि दाट की जुने संग्राहक त्यांना ‘इलेक्ट्रिक’ म्हणतात. त्यांच्या ज्वाळेसारख्या टोकदार पट्ट्यांच्या गोट्या सुंदरच, पण सगळ्यांचा जीव अडकतो तो गिनीवर. स्वच्छ, निळी किंवा मधाळ पारदर्शक काच आणि तिच्या अंगभर अनेक रंगांचे बारीक ठिपके. गिनी फाउल कोंबडीच्या पिसांवरून हे नाव पडलं. ठिपके आत ओढले गेले असतील तर तिला कोब्रा म्हणतात. एकेक चांगली गिनी अमेरिकेत शेकडो डॉलरना जाते.

तुमच्या ठिपकेवालीवर बोट फिरवा. खऱ्या गिनीत ठिपके काचेत पूर्ण वितळून, थोडे ताणले जाऊन बसलेले असतात, अंग गुळगुळीत लागतं. आजही मेक्सिकोतल्या मोठ्या कारखान्यातून ठिपक्यांच्या गोट्या निघतात. त्यांच्या ठिपक्यांचे कण पुष्कळदा वर आलेले, बोटाला खरखरीत लागणारे असतात. आताचे काचकलाकारही हुबेहूब गिनी बनवतात, पण ते हाताने बनवतात, म्हणून टोकाची खूण शोधा. तुमच्या फोटोत एका बाजूला घासून सपाट केलेली तशी खूण असल्यासारखं वाटतंय. ती खरंच असेल तर क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट विसरा.

राहिले ते खरे अल्पायुषी. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट व्हर्जिनियात, जिथे वाळू आणि नैसर्गिक वायू दोन्ही स्वस्त, पेन्सबरो, केरो अशा लहान गावांत गोट्यांचे छोटे कारखाने निघाले. पेन्सबरोतले जॅक्सन आणि डेव्हिस तर वर्ष-दोन वर्षांतच आटोपले. पुढे १९५० च्या दशकात जपानहून मांजरडोळ्याच्या स्वस्त गोट्या आल्या आणि टिकलेल्यांचाही धंदा बसला. जॅक्सन-डेव्हिसच्या गोट्या दिसायला साध्या, शेजारच्या कारखान्यांसारख्याच. मग ओळखल्या कशा? लोकांनी त्या कारखान्यांच्या जागा खणल्या, टाकाऊ काचेचे ढीग आणि फुटक्या गोट्या काढल्या आणि त्यांच्याशी ताडून बघितलं. म्हणजे त्या नावामागे खड्ड्यातला पुरावा असतो. देवगडच्या डब्यातली साधी पांढरी-हिरवी गोटी ‘डेव्हिसची’ म्हणून कुणी विकायला आला तर त्याला नमस्कार करा आणि पुढे चला. माझ्या संग्रहात अशा गोट्यांच्या चिठ्ठीवर मी फक्त ‘यंत्राची, अमेरिकन घडणीची’ एवढंच लिहिते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडच्या डब्यात बहुतेक काय निघतं तेही सांगते. हिरवट-निळसर, आत काहीही नसलेली गोटी ही सोड्याच्या बाटलीतली. हिरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात ती बाटली काढली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर जाऊन रबरी कड्यावर बसते, तेच बूच. जत्रेत फुटलेली बाटली म्हणजे पोरांना फुकटची गोटी, त्यामुळे कोकणातल्या प्रत्येक डब्यात ही असतेच. आत तीन-चार रंगीत पाकळ्या आणि काचेला किंचित बाटलीची हिरवी झाक असेल तर ती आशियातली मांजरडोळा, आपण सगळ्यांनी गलात घालवली ती. आणि जुन्या घरात, विशेषतः मुंबईला नोकरी करणारा माणूस ज्या घरात तीन पिढ्या होता तिथे, टोकाची खूण असलेली जर्मन घडणीची एखादी गोटी निघाली तर मला मुळीच नवल वाटत नाही. मी डबा पालथा करते ती तिच्यासाठी. अमेरिकन नावांच्या नादात लोक नेमकी तीच सोड्याची समजून पोराला देऊन टाकतात.

एक खास आपल्याकडची भानगड. गोटी गोटीवर आपटली की काचेच्या आत चंद्रकोरीसारखी भेग पडते. अंगणातली जांभ्याची लाल माती वर्षानुवर्षं त्या भेगेत मुरते आणि वरून बघताना गडद लाल पट्टी असल्यासारखं वाटतं. अमेरिकन गोट्यांत ‘ऑक्सब्लड’ नावाचा गडद तांबडा, अपारदर्शक रंग असतो, त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात आणि त्याला मागणी खूप. दोन्हींत गल्लत होते. गोटी रिठ्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. कडा फिकट झाल्या, भेगेचा वाकडा तुकडाच लाल उरला, तर ती माती. उकळतं पाणी मात्र नको, जुनी काच तडकते.

अतिनील टॉर्चखाली गोटी हिरवी चमकली म्हणून उड्या मारू नका. त्यावरून काचेत युरेनियम किंवा मँगनीज आहे एवढं कळतं, कारखाना नाही.

पॉलिश अजिबात करायचं नाही. घासलेल्या गोटीचं मूळ अंग जातं, त्याबरोबर कापल्याच्या खुणाही जातात आणि किंमतही. समुद्रावर सापडलेली, वाळूने धुरकट झालेली गोटी याच कारणाने संग्राहक घेत नाहीत. मला आवडतात, पण त्या खिडकीत ठेवायला. डब्यात जुनी कागदी पुडी, दुकानाचं बिल, पुठ्ठ्याचं खोकं काहीही असेल तर फेकू नका. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते, तेव्हा ते गोट्यांपासून वेगळं, कोरड्या बरणीत ठेवा. गोटीपेक्षा तो कागद जास्त बोलतो.

पुढे फोटो टाकाल तर प्रत्येक गोटीचे तीन टाका: दोन्ही टोकांचा एकेक आणि एक बाजूने. मागे पांढरा कागद, फ्लॅश बंद, आणि कॅलिपरने मोजलेला व्यास मिलिमीटरमध्ये. यंत्राच्या बहुतेक गोट्या सोळाच्या आसपास असतात. पंचविसाच्या वरची निघाली तर तिचा फोटो सगळ्यात आधी टाका.