टीव्ही म्हणायचं की टेली?

प्रश्न : भाचा लंडनला असतो, फोनवर सारखा 'टेली' म्हणतो. लेक म्हणते 'टीव्ही'च बरोबर. आणि 'ऑन टीव्ही' की 'ऑन द टीव्ही'? – एक वाचक, देवगड

उत्तर : दोघंही बरोबर हो! टेली हा ब्रिटिशांचा घरगुती शब्द, अमेरिकेत टीव्हीच म्हणतात, आणि पूर्ण 'टेलिव्हिजन' रोजच्या बोलण्यात कमीच, ते धंद्याबद्दल किंवा लिखाणात जास्त. अमेरिकेत 'ट्यूब' पण म्हणायचे, जुन्या सेटमधल्या काचेच्या पिक्चर ट्यूबवरून.

आता 'द'चं. कार्यक्रम बघायचा तर 'वॉच टीव्ही', मॅच लागलीय तर 'ऑन टीव्ही', इथे 'द' नको. पण समोरचा डबा म्हणायचा असेल तर 'द' हवाच, 'टर्न ऑन द टीव्ही'. टेलीला मात्र 'ऑन द टेली' असंच बहुतेक ऐकू येतं.

मला स्वतःला या शब्दाचा जन्म फार आवडतो. १९०० साली पॅरिसमध्ये पर्स्की नावाच्या रशियन माणसाने तो वापरला, 'टेली' ग्रीक म्हणजे लांब, 'व्हिजन' लॅटिनमधून आलेलं म्हणजे बघणं. म्हणजे आपलं 'दूरदर्शन' अगदी तंतोतंत तेच की! फक्त आपल्याकडे तो चॅनलचं नाव होऊन बसला, मुंबई केंद्र १९७२ला सुरू झालं, पुढे कोकणातही कौलांवर अँटेना दिसायला लागल्या, एक जण वर चढून फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे 'आलं, आलं!' पण डब्याला तेव्हाही आपण टीव्हीच म्हणायचो ना. तेव्हा लेकीला टीव्हीच लिहू द्या, भाच्याला टेली म्हणू द्या.