द्राक्षाच्या काड्यांपासून बायोप्लास्टिक: युनिट टाकावं का?

निफाडच्या भाऊंनी विचारलंय की सहा एकर बाग आहे, एप्रिलच्या खरड छाटणीत काड्यांचा डोंगर निघतो, तो जाळण्यापेक्षा बायोप्लास्टिकचं छोटं युनिट टाकलं तर?

भाऊ, नका टाकू. सातपूरला फिल्मच्या मशिनवर २२ वर्षं काढली आणि दिंडोरीकडे स्वतःची थोडी बागही आहे, म्हणून बोलतोय.

बायोप्लास्टिकमधलं पीएलए नावाचं जे प्लास्टिक आहे ते साखरेपासून तयार होतं. मक्याचा स्टार्च किंवा उसाची साखर घ्यायची, जिवाणूंकडून तिचं लॅक्टिक आम्ल करून घ्यायचं, ते शुद्ध करायचं आणि मग त्याच्या लांब साखळ्या जोडायच्या. अगदी कागदावरचा हिशेब धरला तरी १ किलो ग्लुकोजमागे ८०० ग्रॅमच्या वर पीएलए मिळत नाही, बाकीचं पाणी होऊन जातं. काडीतही ग्लुकोज आहे, पण सेल्युलोजच्या रूपात, आणि त्याला लिग्निनने आवळून धरलेलं. काडी कडक असते ती त्याच्यामुळेच. ते सोडवायला आम्ल, वाफेचा दाब आणि वर महागडी एन्झाइम लागतात. शिवाय काडीवर वर्षभर फवारलेल्या बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या औषधाचं) तांबं असतंच. बुरशी मारणारं तांबं टाकीतल्या जिवाणूंना कसं मानवेल? हे काम मोठ्या कारखान्याचं, शेडमधलं नाही.

धंदाच करायचा असेल तर कंपोस्टमध्ये कुजणाऱ्या (कंपोस्टेबल) प्लास्टिकचे तयार दाणे आणून पिशव्या काढता येतात. पण दाणे नीट वाळवले नाहीत तर ओलाव्याने साखळ्या तुटतात, मशिनवर हवेने फुगवलेला फिल्मचा फुगा धरत नाही, मध्येच फाटतो. मी अशी अख्खी पाळी वाया घालवली आहे. विकायच्या आधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं.

आणि नावाला भुलू नका. टोमॅटोला मी एकदा 'विघटनशील' म्हणून मल्चिंग पेपर आणला. उन्हाने त्याच्या बोटभर चिंध्या झाल्या, रोटाव्हेटरने मातीत गेल्या, अजून निघतात. साधं पॉलिथिनच होतं, उन्हात तुटावं म्हणून काहीतरी मिसळलेलं. तुकडे होणं वेगळं, कुजणं वेगळं. मालावर आयएस १७०८८ (कंपोस्टेबल प्लास्टिकचं भारतीय मानक) असेल तरी तो माल मुख्यतः कारखान्यातल्या गरम कंपोस्टसाठी, म्हणजे ५८ अंशांच्या आसपास, तपासलेला असतो. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतो, त्याच्या बऱ्याच खाली फारच सावकाश तुटतो. बांधावर फेकलेला पीएलएचा ग्लास पुढच्या हंगामातही तिथेच दिसेल. (त्यात उकळता चहा ओतला तर मात्र लगेच वाकेल.) उलट पीबीएटी नावाचं दुसरं प्लास्टिक खनिज तेलापासून होतं, तरी कुजतं, उसापासून केलेलं पॉलिथिन कुजत नाही.

ऊस-मक्याच्या पट्ट्यात चिपाडाच्या ताटल्यांचा विचार होतो, पण साखर कारखाने ते बॉयलरला जाळून वीज करतात, त्यामुळे फुकट कोणी देत नाही. त्यापेक्षा आपल्याकडच्या वायनरीच्या चोथ्याकडे बघा. १०० किलो द्राक्षांमागे २०-२५ किलो निघतो, बियांचं तेल काढता येतं. अडचण एकच, सगळा माल जानेवारी ते मार्चमध्ये येतो आणि ओला चोथा दोन दिवसांत बुरशी धरतो.

काड्यांचं म्हणाल तर श्रेडरमधून बारीक करा, शेण आणि थोडा युरिया घालून ढीग चांगला तापू द्या, दोनदा पालटा आणि बागेतच परत घाला. करपा आलेल्या काड्या ढिगाच्या मधोमध, कडेला नको. श्रेडर चौघांत घेतला तर परवडतो, फक्त एप्रिलमधला कोणता आठवडा कोणाचा ते मार्चमध्येच ठरवून ठेवा.