ब्रिजवर तारांमधलं अंतर: आधी मोजून बघ

गिटार छेडताना बोटं शेजारच्या तारेला अडकतात म्हणून लगेच दुसरी गिटार शोधू नकोस. आधी सॅडलवर, म्हणजे गिटारच्या अंगावरच्या ब्रिजमध्ये बसवलेल्या आणि तारा जिच्यावर टेकतात त्या बारीक पट्टीवर, पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोज. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर ते बहुधा 54 ते 57 मिलिमीटर भरतं, नायलॉन तारांच्या क्लासिकलवर 58च्या आसपास. तुझं 54 असेल तर बोटांना दाटी वाटणारच, त्यात तुझी काही चूक नाही.

सॅडलवर खाचा नसतील तर तार सैल करून किंचित बाजूला सरकवून बघ. एका वेळी अर्धा मिलिमीटर, बस. पहिली तार फार बाहेर नेलीस तर वरच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ती कडेवरून घसरते आणि हा त्रास दाटीपेक्षा कितीतरी वाईट! म्हणून मी कडेच्या दोन तारांना हात न लावता मधल्या चारच हलवते. जाड तारा जागा जास्त खातात, तेव्हा मध्यापासून मध्यापर्यंत मोजण्यापेक्षा दोन तारांमधली मोकळी जागा सारखी ठेव.

खाच पाडायचीच असेल तर नव्या सॅडलवर पाड, जुनं जपून ठेव. खाच खोल गेली की तार खाली बसते आणि फ्रेटवर खरखरते. तारा ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या पिनांची भोकं मात्र कारागिराकडूनच बदलून घे.