गल्लीचा खर्च कोणी उचलायचा?

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीत अकरा सहकारी गृहनिर्माण संस्था आणि पागडीच्या तीन जुन्या इमारती आहेत. जादा सफाई, झाडांची निगा आणि रात्रीचा राखणदार यांसाठी आम्ही वर्गणी काढतो, पण निम्मी घरे ती देत नाहीत. अमेरिकेत काही वस्त्यांतील घरमालक स्वतःवरच जादा कर बसवून घेतात, असे बाल्टिमोरला राहणारी माझी मुलगी सांगते. तसे आपल्याकडे करता येईल का?
– एक वाचक

उत्तर : आपल्या मुलीने सांगितले ते खरे आहे. या कल्पनेची सुरुवात व्यापाऱ्यांनी केली. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातील दुकानदारांनी 1970 साली जादा आकारणीचे असे पहिले क्षेत्र स्थापन केले आणि पुढे ही पद्धत निवासी वस्त्यांतही आली. बाल्टिमोरच्या चार्ल्स व्हिलेजमध्ये 1994 पासून असे क्षेत्र आहे. फ्लोरिडाने तर 1987 साली वस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी कायदाच केला.

तेथील रीत साधारण अशी असते. आधी क्षेत्राची सीमा आखतात, मग कामांचा आराखडा आणि अंदाजपत्रक जाहीर करून सुनावणी घेतात आणि कायद्यात ठरल्याप्रमाणे मालकांचे मतदान घेऊन किंवा त्यांच्या लेखी हरकती मोजून निर्णय होतो. मंजुरी मिळाली की ही आकारणी मालमत्ता कराबरोबरच वसूल होते आणि ती रक्कम त्या क्षेत्राच्या संचालक मंडळाकडे जाते. योजनेला विरोध केलेल्या मालकालाही पैसे भरावे लागतात, आणि नेमके हेच आपल्या वर्गणीत नाही. मात्र या सक्तीसोबत उत्तरदायित्वही येते. चार्ल्स व्हिलेजच्या क्षेत्राला ठरावीक वर्षांनी नगर परिषदेकडून पुन्हा मान्यता घ्यावी लागते.

मुंबईत रहिवाशांना अशी सक्ती करता येत नाही. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर आकारता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 265 सांगते, आणि गल्लीच्या मंडळाला तो अधिकार देणारी तरतूद आपल्याकडे नाही. गृहनिर्माण संस्था थकबाकीदार सभासदाविरुद्ध निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवू शकते, पण तिचा हा अधिकार तिच्या फाटकापाशी संपतो. महापालिकेच्या एएलएम योजनेत, म्हणजे घाटकोपरच्या जोशी लेनपासून 1990च्या दशकात रुजलेल्या रहिवासी गटांच्या उपक्रमात, गल्लीची नोंद प्रभाग कार्यालयात होते आणि अधिकाऱ्यांशी नियमित बोलणे सुरू होते. वसुलीचा अधिकार मात्र त्यातूनही मिळत नाही.

तरीही मार्ग आहे. अकराही संस्थांनी आपापल्या सर्वसाधारण सभेत ठराव करून सहकार कायद्याखाली एक संघीय संस्था, म्हणजे व्यक्तींऐवजी संस्थाच जिच्या सभासद असतात असा संघ, नोंदवावी. मग घराघरांतून वर्गणी मागत फिरावे लागणार नाही. प्रत्येक संस्था आपला वाटा संघाला देईल आणि तो सभासदांच्या मासिक देखभाल शुल्कात धरला जाईल. वाटा सदनिकांच्या संख्येवर ठरवायचा की क्षेत्रफळावर, हे उपविधीत आधीच लिहून ठेवावे, कारण माझ्या पाहण्यात अशा बहुतेक गटांत फूट पडते ती याच मुद्द्यावर. स्वतंत्र बँक खाते आणि वार्षिक लेखापरीक्षण यांत कुचराई नको. रस्ता, गटारे आणि रोजची सफाई ही महापालिकेची कामे आहेत. त्यासाठी आपण मालमत्ता कर भरतो, म्हणून संघाने ती अंगावर घेऊ नयेत. तेथे फक्त पाठपुरावा करावा. रस्ता सार्वजनिक असल्याने त्यावर फाटक बसवण्याचा मोह टाळावा.

मला खरी चिंता आहे ती पागडीच्या तीन इमारतींची. अमेरिकी पद्धतीवरचा मोठा आक्षेप हाच आहे की मत मालकाला मिळते, भाडेकरू मात्र त्याच रस्त्यावर राहूनही बाजूला पडतो. पागडीत तर मालक बहुधा दुसरीकडे राहतो आणि कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांदते. ही कुटुंबे संघाच्या चौकटीत बसणार नाहीत. तेव्हा त्यांच्यासाठी स्वेच्छेने देता येईल अशी माफक रक्कम ठेवावी, गल्लीच्या बैठकीत त्यांच्या प्रतिनिधींना बोलण्याचा हक्क द्यावा, आणि संघ नोंदवण्यापूर्वीच्या पहिल्या सभेची सूचना त्या तिन्ही इमारतींच्या जिन्याखालीही लावावी.