वाचकांचे प्रश्न : परदेशी कापड, चादरी आणि जुने कपडे

प्रश्न (कापडाचे ठोक व्यापारी, धुळे) : परदेशातून मागवायच्या शर्टिंगमध्ये 40 टक्के सूत, 35 टक्के पॉलिएस्टर आणि 25 टक्के व्हिस्कोस आहे. सूत सर्वांत जास्त, म्हणून पुरवठादार इनव्हॉइसवर ‘कॉटन’ लिहितो. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. आयात शुल्काचे दर ठरवणाऱ्या कस्टम्स टॅरिफ कायदा, 1975 च्या पहिल्या अनुसूचीत कापडाची प्रकरणे 50 ते 63 आहेत. मिश्र कापडाला या प्रकरणांच्या विभाग 11 ची टीप 2 लागते. वजनाने जे जास्त, त्याचे कापड, हे खरे. पण आधी प्रकरण ठरवायचे आणि मग त्यातले शीर्षक, म्हणजे मालाचा चार आकडी क्रमांक. पॉलिएस्टर व व्हिस्कोस दोन्ही स्टेपल (आखूड तंतूंचे) असतील तर दोघांचे प्रकरण एकच, 55. त्यांची बेरीज 60, सुताचे 40. माल सुती कापडाच्या प्रकरण 52 मधून बाहेर. व्हिस्कोस फिलामेंटचे (अखंड लांब धाग्याचे, प्रकरण 54) असले तरी सुटका नाही, कारण प्रकरण ठरवताना 54 आणि 55 एकच धरतात. आता प्रकरण 55 च्या आत पॉलिएस्टर वरचढ, जोडीला मुख्यतः सूत. म्हणून चौरस मीटरला 170 ग्रॅमपर्यंत 5513, त्यापुढे 5514. सुती कापडाची सीमा 200 ग्रॅमची आहे. जुने दलालसुद्धा इथे गल्लत करतात.

वजन ऑर्डरआधी घरीच काढा. 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा सराफी काट्यावर तोला आणि आलेल्या ग्रॅमला 100 ने गुणा. 1.68 ग्रॅम म्हणजे 168. मात्र तुकडा दोन्ही बाजूंनी 2 मिलिमीटर मोठा कापला गेला तर तोच आकडा 175 च्या घरात जातो आणि शीर्षक बदलते. चार-पाच तुकडे वेगवेगळ्या जागचे घ्या, किनारीजवळचा नको. कापडात ओल असेल तरी वजन फुगते.

प्रयोगशाळेचा अहवाल बिल ऑफ एन्ट्रीशी (आयातदाराने कस्टम्सला दिलेल्या मालाच्या नोंदपत्राशी) जुळला नाही, तर कस्टम्स कायदा, 1962 चे कलम 111(एम) लागते : माल जप्तीस पात्र. कलम 125 खाली दंड भरून तो सोडवता येतो, पण तोवर बंदरातले भाडे चढतच राहते. शंका असेल तर कलम 28एच खाली आगाऊ निर्णय (माल मागवण्याआधीच वर्गीकरणाचा निवाडा) मागा. त्यासाठीच्या प्राधिकरणाचे कार्यालय मुंबईत आहे.

प्रश्न (चादरविक्रेते, चोपडा) : चादरीच्या मापाने कापून आलेले कापड ‘तयार वस्तू’ ठरते का?

उत्तर : नुसते चौकोनी कापलेले असेल तर नाही, ते कापडच. कडा दुमडून शिवली की तयार वस्तू, शीर्षक 6302. सूत निघू नये म्हणून फक्त गरम पात्याने कापले असेल, तर तेवढ्याने भागत नाही. उलट, मधले धागे कापले की सुटे होणारे विणलेले टॉवेल न शिवताही तयार वस्तूच.

प्रश्न (आठवडे बाजारातले विक्रेते, नंदुरबार) : जुन्या कपड्यांच्या गाठी परदेशातून थेट मागवता येतील का? ओळखीच्या एकाचा आयात कोड (आयातीसाठी लागणारा नोंदणी क्रमांक) आहे.

उत्तर : वापरलेले कपडे शीर्षक 6309 मध्ये येतात आणि त्यांची आयात निर्बंधित यादीत आहे, म्हणजे सरसकट बंदी नाही, पण विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. व्याख्येच्या अटी दोन : वापराच्या ठळक खुणा हव्यात, आणि माल सुटा, गाठीत किंवा पोत्यात हवा. लेबल लावलेला नवा स्टॉकलॉट (न विकला गेलेला शिल्लक माल) गाठीत बांधला म्हणून जुना होत नाही. तो तयार कपड्यांच्या प्रकरण 61 किंवा 62 मध्येच जातो. ‘चिंध्या’ म्हणून 6310 खाली आणायचे तर कपडा पुन्हा घालता येणार नाही इतका फाडलेला हवा. एक टाका मारून शर्ट अंगात येत असेल, तर अधिकारी त्याला चिंधी मानणार नाहीत.

आणि दुसऱ्याच्या कोडवर माल आणू नका. 2017 च्या दुरुस्तीपासून कस्टम्स कायद्याच्या कलम 2(26) मधल्या ‘आयातदार’ या व्याख्येत लाभार्थी मालकही येतो. कागदावर नाव त्यांचे असले, तरी पैसा आणि माल तुमचा असेल तर नोटीस तुमच्या दुकानावरही येऊ शकते.