मीठ ओतायच्या आधी सेल बघा

भाऊ, स्विमिंग पूलच्या पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या मशीनच्या पॅनलवर 'मीठ कमी' दिसलं की लगेच मिठाची गोणी उचलू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं. खरं तर बोअरच्या जड पाण्यानं सेलवर, म्हणजे मशीनच्या क्लोरीन बनवणाऱ्या भागावर, पांढरा थर चढला होता, त्यामुळे रीडिंग कमी येत होतं. दोन गोण्या ओतल्या आणि मीठ इतकं वाढलं की मशीनच बंद पडलं. जास्तीचं मीठ काढायला औषध नाही. पाणी उपसून ताजं भरायचं, तेही वडोदऱ्याच्या मे महिन्यात! घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

म्हणून आधी सेल उघडून बघा, मग टेस्ट स्ट्रिपनं (मीठ मोजायच्या पट्टीनं) वेगळं मोजा. बहुतेक मशीनना ३,००० ते ३,५०० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग) मीठ लागतं; तुमच्या मशीनचं पुस्तक सांगेल तेच खरं. हिशेब सोपा आहे: ५०,००० लिटरच्या पूलमध्ये ५०० पीपीएम वाढवायला २५ किलो. आधी थोडं कमीच टाका.

उन्हानं पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात नुसतं पाणी भरा. मीठ जातं ते बॅकवॉशमध्ये (उलटं पाणी सोडून फिल्टर धुताना), उड्या मारणाऱ्या पोरांबरोबर आणि पावसाळ्यात पूल भरून वाहिला की. खरी भर नवरात्रीच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर.

मीठ बिनआयोडीनचं, शुद्ध घ्या. आगरातलं स्वस्त खडं मीठ नको, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम येतं. टाकताना सेल बंद, पंप चालू, आणि पुन्हा मोजायचं ते २४ तासांनी.