पन्नाशीतला फिलिपिनो सहकारी सगळा पगार घरी पाठवतो, त्याच्या म्हातारपणाचं काय?

तुम्ही लिहिलंय की दुबईत तुमच्या ऑफिसातला फिलिपिनो सहकारी पगार जवळजवळ सगळा घरी पाठवतो, वर्षातून एकदा गावी गेला की उरलेले पैसे पंधरा-वीस जणांना फिरवण्यात संपवतो आणि निवृत्तीचं विचारलं तर "देवाची दया" म्हणून गप्प होतो. हा निष्काळजीपणा आहे का, असा तुमचा प्रश्न.

मी वसईचा. एकोणीस वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं फिलिपिनो क्रूबरोबर गेली. एक फिटर तर तीन जहाजांवर माझ्याबरोबर होता. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला 'कुया' म्हणायचे, म्हणजे दादा. मीही तेच म्हणायचो. सगळ्या फिलिपिनो माणसांच्या वतीने मी बोलू शकत नाही, पण या एका बापाचं मला जवळून माहीत आहे.

आधी पैशाचं. फिलिपिनो खलाशाच्या कराराच्या नियमानुसार मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग दर महिन्याला घरी पाठवावाच लागतो. त्याला अलॉटमेंट म्हणतात. शिवाय करार नऊ महिन्यांचा. तो संपला की पगार बंद, पुढच्या वेळी नव्याने मेडिकल, नव्याने सही. कुयाला निवृत्तीची भीती नव्हती, मेडिकलची होती. साखर वाढली की घरी बसावं लागेल, एवढंच त्याच्या डोक्यात असायचं. हिशेब सगळा बायकोच्या हातात. कवीते प्रांतातलं त्यांचं घर तिने एकेक भिंत करत बारा वर्षांत उभं केलं, आणि त्या घराचं श्रेय कुया कधीही स्वतःकडे घेत नसे.

एकदा रात्री वर्कशॉपमध्ये पंपाचा शाफ्ट लेथवर चढवताना त्याने मला एक गोष्ट सांगितली. सुट्टीत सगळे जॉलिबीला, म्हणजे तिथल्या फास्टफूडच्या दुकानात, गेले होते. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. कुयाने त्याच्यासाठी गोड स्पॅगेटी मागवली, कारण पोराला ती फार आवडते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोराने मुकाट्याने खाल्ली. रात्री बायको म्हणाली, "अहो, दोन वर्षं झाली, तो ती खात नाही." हे सांगून कुयाने बराच वेळ लेथ चालूच केला नाही.

तुम्हाला जी उधळपट्टी दिसते, तिच्यामागे हे आहे. मी ती एकदा जवळून पाहिली. २०१८ मध्ये मनिलात माझं ट्रेनिंग होतं. ते संपलं तेव्हा पवित्र आठवडा सुरू झाला होता. कुया सुट्टीवर होता. त्याने मला घरी नेलं आणि ईस्टरपर्यंत सोडलं नाही. घरात शिरताच धाकट्या मुलीने माझा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मोठ्यांचा आशीर्वाद घेण्याची ती त्यांची रीत. आम्ही वाकून पाया पडतो, ते हात कपाळाला लावतात.

ईस्टरच्या पहाटे चारला आम्ही चर्चकडे निघालो. त्या दिवशी तिथे 'सालुबोंग' असतो. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या मूर्तीमागून पुरुषांची मिरवणूक येते, काळा बुरखा घातलेल्या मारियामातेमागून बायकांची. दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या की देवदूताचा वेष केलेली एक लहान मुलगी मातेचा बुरखा काढते आणि घंटा वाजू लागतात. त्या वर्षी देवदूत कुयाची धाकटी होती. त्यासाठी त्याने महिनाभर आधी साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून उतरणं, मागून घेतलं होतं, म्हणजे एका महिन्याच्या पगारावर पाणी सोडलं होतं. तिने बुरखा उचलला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातात फोन होता, पण फोटो काढायचं तो विसरला होता.

त्यानंतर सतरा माणसं, भाड्याची जीपनी, म्हणजे तिथली जीपसारखी छोटी बस, आणि आम्ही डोंगरावरच्या तागायताईला. खाली ताल तळं, तळ्यात बेट, बेटावर ज्वालामुखी. (जानेवारी २०२० मध्ये तो फुटला आणि तागायताईवर राख पडली.) बरोबर राइस कुकर, पातेलंभर अदोबो, म्हणजे त्यांचं मुरवून शिजवलेलं मांस. त्यात व्हिनेगर असतं, त्यामुळे उन्हातही टिकतो. केळीची पानं अंथरली, त्यावर भात ओतला आणि सगळे हाताने जेवले. मला क्षणभर अर्नाळ्याची सहल वाटली. कुया स्वतः फार जेवला नाही. कोण काय उचलतंय ते बघत होता. मोठीला आता कारलं चालतं, मुलगा मासे बाजूला सारतो, हे सगळं तो टिपून घेत होता, पुढच्या नऊ महिन्यांसाठी.

तुमचा सहकारी "देवाची दया" म्हणतो, ते टाळण्यासाठी म्हणत असेल असं मला वाटत नाही. कुया प्रत्येक कराराआधी मनिलाजवळच्या अँटिपोलोला जायचा. तिथली मारियामातेची मूर्ती १६२६ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून आली आणि पुढे गॅलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिश व्यापारी, जहाजांबरोबर पॅसिफिक पार करत राहिली, म्हणून ती सुखरूप प्रवासाची माता. परदेशी निघालेले लोक आजही तिथे डोकं टेकवतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिलातच फ्रान्सिस्कन झाले, तिथून १५९३ मध्ये जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले, हे मी सांगितलं तेव्हा कुयाने माझा हात धरला. "म्हणजे तुमचाही माणूस इथूनच जहाजावर चढला," म्हणाला.

निवृत्तीचं त्याचं स्वप्न एका जुन्या लॉगबुकच्या पाठकोऱ्या पानावर काढलेलं होतं. बिकोल भागात नागा शहराबाहेर वडिलोपार्जित अर्धा हेक्टर, नारळाची झाडं, डुकरांचा गोठा, बायकोला छोटं किराणा दुकान. घरामागे उघडी 'डर्टी किचन', आपल्या पडवीतल्या चुलीसारखी, नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवायला. आणि सप्टेंबर. नागाला सप्टेंबरात पेन्याफ्रान्सियाच्या मातेची नदीतून मिरवणूक निघते, त्या मातेला बिकोलचे लोक नुसतं 'इना', म्हणजे आई, म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत त्याला ती मिरवणूक दोनदाच मिळाली होती.

एका बाबतीत मात्र त्याचं चुकलं, असं मी आजही म्हणतो. पुतण्यांची फी, भावाचं ऑपरेशन, चुलत बहिणीचं लग्न, कुणालाच तो नाही म्हणाला नाही आणि स्वतःच्या दवाखान्यासाठी काही ठेवलं नाही. फिलिपिन्समधल्या एसएसएस (सोशल सिक्युरिटी सिस्टिम) या सरकारी पेन्शनला किमान १२० महिन्यांचे हप्ते लागतात. त्याचे तेही बायकोने नेटाने भरले म्हणून झाले. तुमच्या सहकाऱ्याला मोठमोठे प्रश्न विचारू नका, एवढं एकच विचारा: एसएसएस चालू आहे ना?

कुया २०२२ मध्ये साखरेमुळेच उतरला. डुकरं पाळली नाहीत, कारण २०१९ पासून फिलिपिन्समध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा रोग, आला होता. आता कोंबड्या आहेत. दर सप्टेंबरात नदीकाठचा फोटो येतो.

गेल्या वर्षी मुलगा वायपर, म्हणजे इंजिन रूममधला सगळ्यात खालच्या पायरीचा कामगार, म्हणून जहाजावर चढला. आधी बाप-लेक अँटिपोलोला जाऊन आले. मुलाची अलॉटमेंट आता आईच्या खात्यावर येते. कुयाने मला फोन करून सांगितलं की त्यातला एक पेसोही ते दोघं खात नाहीत, सगळा त्याच्याच नावाने ठेवलाय. आणि मग विचारलं, "त्याच्या जहाजावर कुक कोण आहे, कळेल का तुला? त्याला मासे आवडत नाहीत."